दोनशे आठवं तळं

जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर ठरलेला मजकूर असायचा: निम्म्याहून जास्त जंगल, तळी दोनशे सात, माणसं जेमतेम. ही दोनशे सात तळी ज्यांनी मोजली, त्यांना सगळे दोरीवाले म्हणत. वजन बांधलेली दोरी होडीतून सोडायची, तळ लागला की गाठी मोजायच्या आणि वहीत खोली लिहायची, हेच काम सव्वीस वर्षं. माणूस महा काटेकोर. यांना चहा दिला तर आधी कपाची खोली मोजतील, असं जिल्हा कचेरीतले म्हणत.

पण याच माणसाने कचेरीला सव्वीस वर्षं धडधडीत थाप मारली होती. जंगलात आत, दलदलीपलीकडे आणखी एक तळं होतं. तिथल्या लव्हाळ्यात करकोचे घरटी करत. माणसांची वर्दळ झाली की ते अंडी टाकून जातात, हे दोरीवाल्यांनी दुसऱ्या तळ्यावर डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून या तळ्याची नोंद त्यांनी केलीच नाही.

हे फक्त लेकीला ठाऊक. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या पोरीला कुणाजवळ ठेवणार? होडीतून सगळीकडे घेऊन हिंडले. तिने तिथली पिल्लं पाहिली, आणि कुणालाही सांगणार नाही असा बापाला शब्द दिला. पुढे ती त्याच कचेरीत पुस्तिकेचं काम पाहू लागली, तेव्हा निवृत्त बापाची छाती फुगली होती.

यंदाची पुस्तिका त्यांच्या हाती महिनाभर उशिरा पडली. तळी दोनशे आठ. मधल्या पानावर मोठा फोटो आणि तिथे जायचा रस्ता, बाणांसकट. परक्याने केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळे झाले असते. पण पोटच्या पोरीनेच केसाने गळा कापला, आता सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी ते तिकडे गेले. दलदलीवर फळ्या टाकल्या होत्या, काठावर सहलीची गर्दी, लव्हाळं पार तुडवलेलं. एका घरट्यात दोन अंडी होती. त्यांनी हात लावून पाहिलं, तर थंडगार. करकोचा एकही नव्हता. ते तिथेच चिखलात बसले आणि रडले.

रविवारी लेक जेवायला आली. कचेरीला काहीतरी नवीन हवं होतं, माझी बढती अडली होती, असं तिने सांगितलं. वर आभारात तुमचं नाव घातलंय म्हणाली. दोरीवाल्यांनी तिला भाजी वाढली. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून वही काढली.

"बाबा, अजून एखादं राहिलंय का? माझ्यापासून तर तुम्ही काही लपवत नाही."

राहिलं होतं. टेकडीमागचं, अगदी लहान, मागच्याच वर्षी भटकताना सापडलेलं. तिला तिथे घेऊन जायचं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं. कचेरीला फसवताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, पण लेकीशी ते आजवर एकदाही खोटं बोलले नव्हते.

"नाही," ते म्हणाले.

तिला ते खरं वाटलं. तिने वही मिटून पिशवीत ठेवली.