जोडीतली एक

कपाटावरचा गौरीचा जुना लाकडी मुखवटा पुसता पुसता लीलाबाई थांबल्या. माझ्याकडे कामाला लागून त्यांना जेमतेम आठवडा झाला होता.

"हिची बहीण कुठंय?"

"ही एवढीच मिळाली," मी म्हणालो.

"अहो, गौरी कधी एकटी येते का? थोरली-धाकटी जोडीनं येतात. तुम्ही एकलीलाच उचलून आणलंत व्हय!"

हा मुखवटा विकताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, एकच पीस आहे." हे शब्द ऐकले की मी विरघळतो. निम्मं आयुष्य त्यांच्याच मागे फिरलो. आता घरभर नजर टाकली, तर स्वार नसलेला घोडा, जोडीदार हरवलेला बैल, दाराच्या एकाच बाजूचा मोर. प्रत्येकाला कुणापासून तरी तोडून आणलेलं, आणि मी पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो, अशी दुसरी वस्तू मिळणार नाही. अलीकडे पाहुणेही येत नाहीत.

लीलाबाईंनी मला काही विचारलं नाही. मुखवटा उचलून त्यांनी आरशापुढच्या फळीवर, आरशाकडे तोंड करून ठेवला. "हां, आता दोघी झाल्या," म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

संध्याकाळी केस विंचरायला तिथं उभा राहिलो. आरशातली दोघं धरून क्षणभर आम्ही चौघं होतो, घर भरल्यासारखं. कंगवा ठेवून वळलो, तर खोलीत दोघंच. त्यातली ती अजून बहिणीकडे बघत होती.