भरलेल्या गाडीचे मिस्त्री

"रिकामी गाडी मला दाखवू नको भाय. भरून आण."

तलासरीला हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे मिस्त्री येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवत. पाट्यांच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाटे म्हणजे गाडीचं सगळं ओझं पेलणाऱ्या त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडी भरून आली की मिस्त्री चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपली वीत धरत, मान वाकडी करून बघत आणि म्हणत, "बराबर." त्याआधी पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. तुम्हाला वाटेल, उगाचचा नखरा. मलाही तसंच वाटलं होतं.

मी गंजाडचा. माझा एक पिकअप आहे. दुपारनंतर त्यातून मिरचीच्या गोण्या नेतो आणि सकाळी सायवनकडच्या पाड्यांवरच्या बाया बागायती वाड्यांवर कामाला पोचवतो. त्या रस्त्यावर एक ओहोळ लागतो. तिथल्या दगडावर आपटून इंजिनाखालचा तेलाचा चेंबर दोनदा फुटला, तेव्हा मी गाडी उंच करायचं ठरवलं. मोबाइलवर उंच गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून डोकं आधीच फिरलं होतं, हेही कबूल करतो.

उंच करायचे दोन मार्ग होते. स्वस्तातलं कीट म्हणजे पाट्यांना लागून बसवायचे लोखंडी ठोकळे आणि लांब बोल्ट. महागातलं म्हणजे नवे पाटे, नवे शॉकअब्सॉर्बर, सगळं एकमेकांच्या मापाचं. कोणतं घ्यावं, हे विचारायला मी मोठ्या ऐटीत रिकामी गाडी घेऊन गेलो आणि तसाच परत आलो. दुसऱ्या दिवशी मिरची भरून पुन्हा हजर झालो.

मिस्त्रींनी वीत धरली. "हाच माल असतो?"

"हाच," मी म्हणालो.

"मग स्वस्तातलं चालेल. गोणीला काय, ती झोपून जाते. महागाचं कशाला घेतोस?"

विकणारा माणूस स्वस्त वस्तू घे म्हणतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि बायांचं मी बोललोच नाही. लपवलं असंही नाही. माल म्हटल्यावर मला मिरची आठवली, माणसं आठवलीच नाहीत. ही माझी अक्कल.

गाडी चांगली चार बोटं उंच झाली. पहिल्याच सकाळी बायांना मागे चढता येईना. लखमीबाय त्यांच्यात सगळ्यांत थोरली. तिला दोघींनी खालून ढकललं, दोघींनी वरून ओढलं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. ओहोळ मात्र झोकात पार झाला. पण त्याच्या आधीच्या वळणावर गाडी अशी कलली की मागे उभ्या असलेल्या बाया एकमेकींवर पडल्या. एका बाजूची चाकं जमिनीवर टेकून होती की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. गाडी उलटली नाही, एवढंच. लखमीबायचा हात फळीत सापडून सुजला.

संध्याकाळी उतरताना ती रागावली नाही. "दादा, उद्यापासून आमी चालत जाव," एवढंच म्हणाली. चालत म्हणजे दोन डोंगर. ते शब्द घेऊन मी थेट तलासरी गाठली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. आता शिव्या पडणार, अशा तयारीने मी उभा होतो. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "चूक माझी हाय. मागे कोण उभं राहतं, ते मी विचारायला पाहिजे होतं."

मला रडू आलं.

त्यांनी ठोकळे काढून टाकले आणि महागातलं कीट बसवलं, पण उंची दोनच बोटं ठेवली. मागे लोखंडी पायरी जोडली आणि धरायला दांडा. मग म्हणाले, "आता भरून आण." मी म्हणालो, "मिस्त्री, बायांना एवढ्या लांब कसं आणू?" "मग मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीचे मिस्त्री सायवनच्या पाड्यावर हजर. मी त्यांच्यासाठी पुढची सीट पुसून ठेवली होती. तिच्याकडे न बघता ते मागे चढले आणि बायांमध्ये दांडा धरून उभे राहिले. लखमीबाय आधी तयार नव्हती. त्यांना वर पाहून पायरीवर पाय ठेवून एकटी चढली. वळण आलं, गेलं. मागून आवाज आला, "बराबर!"

ओहोळाशी मात्र त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरून तो दगड निरखला आणि पहार मागितली. मिस्त्री, मी आणि चार बायांनी मिळून दगड हलवून बाजूला केला. चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "भाय, कीटच्या आधी हे नाय सुचलं?" ते म्हणाले, आणि बाया पदर तोंडाला लावून वाडी येईपर्यंत हसत होत्या.

त्या दिवसापासून एकही बाय चालत गेली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मिस्त्री वारले. मला दोन दिवसांनी कळलं. सकाळी बाया चढत असताना मी त्यांना सांगितलं. मग लखमीबाय म्हणाली, "दादा, आज वाडी नको. त्यांच्या घरी चल."

एक दिवसाची मजुरी सोडून सगळ्या तलासरीला आल्या. मिस्त्रींच्या पत्नी ओट्यावर बसल्या होत्या. दारात एवढ्या अनोळखी बाया बघून त्या गोंधळल्या. "तुम्ही कुठल्या गं? ह्यांना कशा ओळखता?"

लखमीबाय त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला.

"आमच्यासंगत मागे उभा राहिलेला तो," ती म्हणाली. "पुढे जागा होती, तरी."