पंपाला बांधलेला धागा

गुरुग्रामला आल्यापासून मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीइतका राग कुणाचाच आलेला नाही. बेसमेंटमध्ये आमच्या गाड्या असतात आणि तिथल्या खड्ड्यात पाणी उपसायचा पंप. त्या पंपाच्या वायरला एक गोळा लोंबतो. पाणी चढलं की गोळा तरंगत वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. इतकं साधं आहे ते. पावसाळ्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या म्हटलं, तर या गृहस्थांनी पंपाची पूजा घातली. नारळ फोडला, टिळा लावला आणि लाल धाग्याने तो गोळाच पाइपला करकचून बांधून टाकला.

जुलैत एका सकाळी गाड्यांची चाकं बुडाली. पंप ढिम्म. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, वाकून हात खाली घातला आणि कात्रीने धागा कापला. गोळा उसळून वर आला, पंप सुरू झाला. सेक्रेटरी वरच्या पायरीवर कोरडेठाक उभे होते.

“देखा? पूजा का असर!”

जिन्यात जमलेल्या सगळ्यांनी पंपाला हात जोडले. माझ्या बायकोनेसुद्धा.

यंदाची पूजा कालच झाली. धागा या वेळी दुहेरी आहे.