वहिनीचा पिवळा ड्रायर

माझ्या वहिनीबद्दल चांगलं लिहायचं तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं, त्याला इलाज नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. चाळीस मुलांना एका वाक्यात गप्प करणं आणि एका वाक्यात हसवणं, दोन्ही मला जमतं, आणि ही सवय मी घरी, दादा-वहिनीकडे, येताना शाळेत ठेवून येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला म्हणायची. तेव्हा ते मला कौतुक वाटायचं.

वहिनी पार्लरमध्ये केस कापते. अठरा वर्षं झाली. आधी दोन वर्षं नुसते खाली पडलेले केस झाडले, मग धुवायला मिळाले, मग कात्री हातात आली. आज तिच्याच खुर्चीवर बसायचं म्हणून बायका तासतासभर थांबतात. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात ती उभी असते. घरी आली की बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसते. पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या आणि फुगलेल्या. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, बसून करण्यासारखं काम बघा, नाहीतर पुढे चालणं अवघड होईल. वहिनी म्हणाली, "बसून केस कापायचे तर गिऱ्हाइकाला जमिनीवर झोपवावं लागेल." डॉक्टर हसले. पण घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, "दुसरं काही येतच नाही मला. करू काय?" दादानं तिच्या बादलीत आणखी कोमट पाणी ओतलं.

माझी भाची नववीत आहे आणि तिचा जीव कोरियन मालिकांत अडकलेला. त्यातली माणसं रडताना, भांडताना आणि प्रेमात पडतानाही लालभडक कुरकुरीत चिकन विंग्ज खात असतात. "आई, असे कर ना," हा जप दोन महिने चालला, तेव्हा सुट्टीच्या एका रविवारी वहिनीनं मनावर घेतलं.

पहिल्या रविवारचे पंख ओलसर आणि लिबलिबीत झाले. मी म्हटलं, "हे उडणाऱ्या पक्ष्याचे नाहीत, पोहणाऱ्याचे आहेत." दुसऱ्या रविवारी तिनं सॉस आधीच लावून तव्यावर टाकले, त्यातली साखर करपली आणि घरभर धूर झाला. तिसऱ्या रविवारी वरचं पीठ मोज्यासारखं निघून तेलात तरंगायला लागलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी बोलले, प्रत्येक वेळी सगळे हसले, वहिनीसुद्धा.

चौथ्या रविवारी ती ओट्यापाशी कच्च्या पंखांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "ओल्या केसांवर इस्त्री धरली तर केस चरचरतात आणि जळतात. सरळ होत नाहीत. आधी मुळापासून वाळवायचे, मगच तापवायचे. या कातडीचंही तसंच असणार ना?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुठल्या व्हिडिओतही नव्हतं, भाचीनं नंतर शोधून पाहिलं.

मग तिची पद्धत ठरली. पंखांचे सांध्यावर दोन तुकडे करायचे, टोकं काढायची, धुऊन कागदानं टिपायचे, मीठ आणि चिमूटभर बेकिंग पावडर चोळायची. मागच्या मोरीत मोठ्या ताटावर तारेची जाळी ठेवून एकाला एक लागणार नाहीत असे मांडायचे. आणि वीतभर अंतरावरून ड्रायरची गार हवा सोडायची. एक बाजू, मग दुसरी. मधूनच ती बोटाच्या पाठीनं कातडी चाचपून बघायची, जशी गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस बघते. बोट चिकटेनासं झालं की कॉर्नफ्लोअर लावून झटकायचं. मंद आचेवर एकदा तळायचे, काढून गार होऊ द्यायचे, पुन्हा मोठ्या आचेवर दोन मिनिटं. तोवर शेगडीवर लाल मिरचीची कोरियन पेस्ट, सोया सॉस, लसूण, मध आणि जरासं व्हिनेगर आटत असायचं. बुडबुडे मोठे आणि सावकाश यायला लागले की पंख त्यात घोळवायचे आणि कडा जरा काळ्या होईपर्यंत तापल्या ग्रिलखाली धरायचे.

त्या दिवशी दादानं पहिला घास घेतला आणि आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू गेला. ते ड्रायरनं वाळवलेले पंख मी किती खाल्ले ते सांगत नाही. बोटं चाटली एवढं सांगते.

आता ड्रायरची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच आहे. त्या पहिल्या दिवशी वहिनीनं भाचीचा घरातला ड्रायर वापरला होता. पण लगेच म्हणाली, "डोक्याचं डोक्याला, खाण्याचं खाण्याला. मला नवा हवा." पुढच्या शनिवारी ती आणि मी दोघी दुकानात गेलो. पार्लरमधले ड्रायर काळे असतात, म्हणून पिवळा मी निवडला. घरी आल्यावर त्याच्या दांड्यावर काळ्या पेनानं मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, "फक्त स्वयंपाकघर". मी लिहिलं. माझ्या हातानं.

पंखांचा बोलबाला झाला. आधी शेजारी, मग दादाच्या कचेरीतले लोक. दादा ज्याला त्याला ओली कातडी आणि ओल्या केसांची गोष्ट सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "काय डोकं आहे हिचं!" आता आमच्या घरात डोकं म्हणजे मी. लहानपणापासून. दादा दोनदा नापास झाला तेव्हा वडील त्याला म्हणाले होते, डोकं बहिणीकडून उसनं घे. वहिनीचं काय, तर हात चांगला, स्वभाव चांगला. डोकं माझं. ते वाक्य दादाच्या तोंडून तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. तेव्हा मी ते कबूल केलं नाही. मी म्हटलं, "आता फक्त भांग पाडायचा राहिलाय कोंबडीला." आणि सगळे हसले.

मग कॅफेवाला आला. कॉलेजसमोर त्याचा कॅफे आहे, त्याची बायको वहिनीकडे केस कापून घेते. रोज चाळीस पंख हवे होते त्याला, घरून करून द्यायचे. रविवारी चव बघायला येणार होता, पसंत पडली तर लगेच सुरू. वहिनीनं सगळा हिशेब पायांचा केला होता. कापणं, चोळणं, वाळवणं, सगळं स्टुलावर बसून होतं, उभं राहायचं ते फक्त तळताना. पार्लर सुटणार होतं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "जमलं ना, तर अठरा वर्षांनी मी दुपारी बसून चहा पिईन." मी म्हटलं, "जमेल गं, न जमायला काय झालं." तेही खरंच म्हटलं होतं. माणूस एकाच वेळी चांगलाही असतो आणि वाईटही, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.

रविवारी चार वाजता कॅफेवाला आला. वहिनीनं पंख आणले. त्यानं पहिला खाल्ला, डोळे मिटले. दुसरा खाल्ला. तिसरा खाताना मान हलवली. दादा खुर्चीच्या टोकावर आलेला. भाची दारात उभी. चौथा पंख हातात घेऊन त्यानं विचारलं, "वहिनी, हा कुरकुरीतपणा येतो कसा? आमच्या आचाऱ्याला सात जन्मांत नाही जमणार."

दादा म्हणाला, "डोकं आहे साहेब, डोकं."

वहिनी हसली आणि सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलले.

"अहो, त्यात काय डोकं! पार्लरचा ड्रायर आहे ना. सकाळी बायकांची डोकी, संध्याकाळी कोंबडीचे पंख. एका ड्रायरमध्ये दोन्ही धंदे!"

सगळे हसले. दादा हसला, कॅफेवाला तर खो खो हसला. आणि हसता हसताच त्यानं हातातला पंख बशीच्या कडेला ठेवला. मग रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"तसं नाही हं," वहिनी म्हणाली. "ड्रायर वेगळा आहे. स्वयंपाकघराचा."

"हो हो, असणारच," तो म्हणाला. पण पंख बशीतच राहिला.

"मी आणून दाखवते," म्हणत भाची वळली. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. ती वाट बघत होती. दोन शब्द पुरले असते, "थट्टा केली हो, मीच तर आणला तो." इतकं सोपं. पण ते म्हणायचं तर मी हसवण्यासाठी खोटं बोलले हे परक्या माणसासमोर कबूल करावं लागणार होतं, आणि मला आयुष्यात तेवढं एकच जमत नाही. मी बशा गोळा करायला लागले.

"राहू दे गं," वहिनी भाचीला म्हणाली.

तो पोट भरलं म्हणाला, कळवतो म्हणाला, गेला. दादा चिडला, "काय गं, काहीतरी बरळतेस!" वहिनीच म्हणाली, "जाऊ द्या हो, गमतीनं म्हणाली ती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी बशा घासायला घेतल्या.

पुढच्या रविवारी पंख झाले नाहीत. भाचीनं विचारलं तर वहिनी म्हणाली, "तेल फार लागतं." ड्रायर खोक्यात जाऊन कपाटावर बसला. सोमवारी साडेनऊला वहिनी पार्लरला गेली, संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसली, मला म्हणाली, "जरा टॉवेल दे गं." मी टॉवेल दिला. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलत होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही.

अकराव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कॅफेत गेले. कॅफेवाल्याला उभ्या उभ्याच सांगितलं, "तो ड्रायर वेगळा आहे. मी खोटं बोलले. मीच तो विकत आणायला गेले होते."

तो गल्ल्यामागून बाहेर आला. "ते मला माहीत आहे," म्हणाला. "दोन दिवसांनी मीच वहिनींना फोन केला होता. चव काही जिभेवरून जाईना. म्हटलं, ड्रायर वेगळा असेल तर सोमवारपासून सुरू करा."

"मग?"

"वेगळाच आहे म्हणाल्या. पण मी करणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, अहो का? तर म्हणाल्या," इथे तो जरा थांबला, माझ्याकडे बघून चाचरला, "म्हणाल्या, घरातल्या माणसालाच माझ्या हाताची किळस येत असेल, तर लोकांना कुठल्या तोंडानं खायला घालू?"

मी म्हटलं, "आता ऑर्डर द्याल का तिला?"

"परवापासून दुसऱ्या एका बाई देतात. तेवढे चांगले नाहीत. पण शब्द दिलाय मी."

किळस. तिला वाटलं मला किळस येते. अठरा वर्षं लोकांची डोकी धुतलेले हात म्हणून. बोटं चाटताना तिनं मला बघितलं होतं, तरी एका वाक्यानं तिला तेच खरं वाटलं. बहुतेक ते वाक्य कुणीतरी म्हणेल याची ती अठरा वर्षं वाट बघत होती, आणि म्हटलं मी.

मी तशीच पार्लरमध्ये गेले. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं, केस दुसरीकडे कापून घेते, त्याचंही कारण मला नीट सांगता येणार नाही. पाच खुर्च्या, पाचही भरलेल्या. वहिनी टोकाच्या खुर्चीमागे उभी, एका म्हाताऱ्या बाईंचे केस कापत होती. मला आरशात बघून तिची कात्री थांबली.

"काय झालं? घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत. वहिनी, मी कॅफेवाल्याकडे गेले होते."

तिनं कात्री पुन्हा चालवली. "बरं."

"मला किळस नाही येत गं. कधीच नाही आली. ड्रायर मला माहीत होता, अक्षर माझंच आहे त्यावर."

"ते मलाही माहीत आहे. किळस नव्हती तर काय होतं मग?"

म्हाताऱ्या बाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या. शेजारच्या खुर्चीचा ड्रायर चालू होता. मी म्हटलं, "हेवा वाटला."

"काय?"

"हेवा वाटला मला. तुझा."

वहिनीनं कंगवा खाली ठेवला. इतका वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आता तिथे काहीतरी हललं, ते हसू होतं की रडू मला कळलं नाही. शेजारच्या मुलीला हातानं खूण करून तिनं ड्रायर बंद करायला लावला.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. "मागच्या खुर्चीपर्यंत गेलं नाही."

पाच खुर्च्या, दोन बाकांवर थांबलेल्या बायका, गल्ल्यावरची मालकीण. मी मोठ्यानं म्हटलं. वर्गात म्हणते तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. कॅफेवाल्यासमोर काय बोलले, ते खोटं का होतं, सगळं. कुणी हसलं नाही.

"ऑर्डर?" वहिनीनं विचारलं.

"दुसऱ्या बाईंना दिली."

तिनं मान डोलावली. म्हाताऱ्या बाईंच्या मानेवरचे केस फडक्यानं झटकले, कंगवा उचलला, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आता घरी जा. मला साडेसातपर्यंत उभं राहायचंय."