साहेब दौऱ्यावर आहेत

किस्से जुन्या फ्लेक्ससारखे असतात. नंतर टाकू म्हणून गुंडाळून ठेवतो आणि बघता बघता माळा भरतो. आमच्या ऑफिसचा माळा असाच भरलाय, बाबांच्या हसऱ्या चेहऱ्यांनी. माझंही तसंच झालंय. फरक एवढाच की फ्लेक्स निदान चौकात लागून आलेले असतात. माझे किस्से मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

बाबा नगरसेवक होते आणि पुन्हा उभे राहणार आहेत. कसबा पेठेत खाली त्यांचं ऑफिस, वर आमचं घर, मध्ये आतला जिना. शाळा सुटली की मी ऑफिसच्या बाकावर बसून गृहपाठ करते. तिथे तिघं कायम असतात. फ्लेक्सपासून सभेपर्यंत सगळं बघणारे जगताप काका, बायकांचे बचत गट सांभाळणाऱ्या मंदामावशी आणि चहा करणारे बापू.

बाबांना मनाचा एक आजार आहे. काही दिवस ते झोपतच नाहीत, एकामागून एक कामं काढतात. मग कित्येक दिवस अंथरुणातून उठत नाहीत. डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. मी सातवीत असताना आईने मला हे सांगितलं आणि म्हणाली, "जिन्याच्या खाली यातलं काही जाता कामा नये. कळलं तर तिकीट गेलं. आणि तिकीट गेलं तर बाबा उठायचेच नाहीत."

म्हणून बाबा उठले नाहीत की ते दौऱ्यावर जातात. आई त्यांच्या चपला जिन्याखालून उचलून वर आणते आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवते.

*

एकदा दौरा फारच लांबला. गल्लीतले केळकर आजोबा तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन रोज यायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "आपले साहेब नक्की आहेत कुठे?"

"दिल्लीला," जगताप काका म्हणाले.

"कोकणात," त्याच क्षणी मंदामावशी म्हणाल्या.

आजोबांनी दोघांकडे शांतपणे पाहिलं. "उत्तम. दिल्लीहून कोकणात जाताना आमचं गटार वाटेत लागलं, तर बघून घ्या म्हणावं."

*

दुसरा किस्सा उलटा आहे. त्या आठवड्यात बाबा झोपतच नव्हते. एके दिवशी पहाटे पाचला त्यांनी सगळ्यांना फोन करून बोलावलं आणि बागेतले सगळे बाक हिरवे रंगवून घेतले. सहाला फिरायला येणारी मंडळी आली आणि रोजच्यासारखी बसली.

दहा वाजता केळकर आजोबा ऑफिसात हजर. पांढऱ्या पायजम्यावर मागून तीन हिरवे पट्टे.

जगताप काका वरमून म्हणाले, "रंग ओला आहे अशी पाटी लावायची राहिली, आजोबा."

"हरकत नाही. आता माझ्यावर लावा."

ऑफिसात हे अजून हसून हसून सांगतात. मीही हसते. त्यानंतरच्या चौदा दिवसांचा मात्र किस्सा होत नाही. त्यात फक्त आई आहे, झाकून ठेवलेलं ताट आहे आणि बंद दार आहे.

*

बापूंच्या चिक्कूपणाचेही किस्से आहेत. खरं तर बापू कुणालाही चहा काठोकाठ भरून देतात, भांडायला आलेल्या माणसालासुद्धा. अर्धा कप फक्त बाबांना.

"ज्याच्या पैशाचा चहा, त्यालाच अर्धा," जगताप काका दर दोन दिवसांनी म्हणतात.

"लागला तर परत देतो की," बापू म्हणतात आणि आत जातात.

बाबा यावर कधी काही बोलत नाहीत. गोळ्यांमुळे त्यांचे हात थरथरतात. घरी ते स्टीलच्या पेल्यातून चहा पितात, दोन्ही हातांनी. ऑफिसात लोक असले की हात टेबलाखाली ठेवतात आणि कपाला हात लावायला कुणाची तरी पाठ फिरायची वाट बघतात. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं मला वाटायचं.

*

या वर्षी टीव्हीवर एक नवी सिरीयल सुरू झाली. संध्याकाळी साडेसातला ऑफिसातली सगळी कामं थांबायची. सिरीयलमधला पुढारी भाऊसाहेब. तो दहा दिवस वाऱ्यासारखा फिरतो, नंतर महिनाभर खोलीतून बाहेर येत नाही, आणि त्याची बायको दारात उभी राहून लोकांना कारणं सांगते.

पहिल्या दिवशी मी बाकावर भूमितीचा गृहपाठ करत होते. वर्तुळ अर्धंच राहिलं.

"असला माणूस मत मागायला आला, तर मी त्याला दारात उभं करणार नाही," जगताप काका म्हणाले.

"अहो, तुम्ही धडधाकट माणसाला तरी कुठे उभं करता? बहिणीचा नवरा आला तरी कडी काढत नाही," मंदामावशी म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा. बापू तेवढे हसले नाहीत. पण ते तसेही कमीच हसतात.

*

वर्गात माझ्या शेजारी ईशा बसते. तीही ती सिरीयल बघते. एकदा म्हणाली, "तुझे बाबा भाऊसाहेबांसारखेच असतील ना?"

मी दप्तरात उगाच पट्टी शोधू लागले.

"म्हणजे पुढे गाड्या, मागे गाड्या?"

"नाही गं. आमच्याकडे एक स्कूटर आहे."

"तू कधी घरीच बोलवत नाहीस. येऊ रविवारी?"

"रविवारी आम्ही सगळेच दौऱ्यावर जातोय," मी म्हणाले.

ईशा पलीकडच्याच गल्लीत राहते. त्यामुळे रविवारी मी दिवसभर गॅलरीत गेले नाही. वाळलेले कपडेसुद्धा काढले नाहीत. सोमवारी तिने विचारलं, "कशी झाली ट्रिप?"

"छान. थंडी होती."

एप्रिल महिना होता. ईशा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने वही उघडली. त्यानंतर तिने घरी येण्याचं नाव काढलं नाही.

*

आता शेवटचा. गेल्या आठवड्यातला.

तिकिटांच्या याद्या ठरत होत्या आणि बाबांचा दौरा अकराव्या दिवसात गेला होता. चपला माझ्या कपाटात होत्या. संध्याकाळी सिरीयल लागली. त्या भागात भाऊसाहेबांचं गुपित फुटतं आणि सगळा पक्ष त्यांच्या बंगल्यावर जमतो. आई मला जेवायला बोलवायला खाली आली होती आणि थोडा वेळ तिथेच थांबली होती. जगताप काका, मंदामावशी होतेच, केळकर आजोबाही होते. गटार अजून तुंबलेलंच होतं.

तेवढ्यात आतला जिना वाजला.

बाबा आले. अनवाणी, दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला सदरा. बाहेरगावाहून आलेला माणूस आतल्या जिन्याने खाली येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आई उभी राहिली. मी वही छातीशी धरली. आता कुणीतरी विचारणार, साहेब, कधी आलात?

कुणीच विचारलं नाही. टीव्हीतली माणसं तेवढी बोलत होती.

केळकर आजोबांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं. मग नजर परत टीव्हीकडे वळवली आणि म्हणाले, "बसा. आत्ताच सुरू झालंय."

जगताप काका उठले. पंख्याखालची खुर्ची त्यांची. ती ते कधी कुणाला देत नाहीत. ती त्यांनी बाबांकडे सरकवली आणि स्वतः माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले.

बापू आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ते ट्रे घेऊन आले आणि एकेकासमोर धरू लागले. जगताप काकांनी कप उचलला, आत पाहिलं, बापूंकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला.

बापू सोडून आम्ही सहा जण होतो. ट्रेमध्ये सहा कप होते. सहाही अर्धे.