दुखतंय तोवर कोरफड

गोजरबाई आमच्या रोलिंग मिलमध्ये भंगार निवडायची. माहेर टेंभुर्णीचं. दिवसभर उन्हात बसून लोखंडातलं पितळ आणि रबर वेगळं काढायची. तिच्या बसायच्या जागेमागं एका फुटक्या घमेल्यात कोरफड लावलेली होती. कुणी भाजलं की आधी गोजरबाईकडं जायचं, ही रीत मी १९८४ साली कामाला लागलो तेव्हाच पडलेली होती.

तिचं काम बिनचूक असायचं. भाजलेला भाग आधी नळाखाली धरायला लावायची, माणूस कंटाळेपर्यंत. तोवर खालचं जाड पान कापून डब्यात उभं ठेवायची. पिवळा चीक पूर्ण निथळला की पान धुवायची, काटे आणि साल काढायची, मगच आतला गर लावायची. आमच्यातल्या पुंजारामनं एकदा पोट साफ व्हावं म्हणून चिकासकट पान खाल्लं. त्याची ती पाळी संडासातच गेली. "मी लावायला देते, खायला न्हाई," एवढंच ती म्हणाली.

गर लावण्याआधी ती बांगडीतली सेफ्टी पिन काढून भाजल्या जागी हळूच टेकवायची. दुखलं तर कोरफड. न दुखलं तर दवाखाना. हे ती कारभारी नावाच्या कामगाराच्या पायावरून शिकली. त्याचा पाय भाजला तेव्हा दुखत नव्हता, म्हणून तिनं चार दिवस गर लावला. पाय सडला, दोन बोटं काढावी लागली. खोल जळालं की दुखणंही जळून जातं, हे तिला दवाखान्यातल्या नर्सनं तेव्हा सांगितलं.

१९८९च्या मार्चमध्ये संपतच्या उजव्या तळहातावर लाल सळई पडली. सळई सांडशीनं धरून रोलमध्ये घालायचं काम त्याचं. मिलमधली मानाची जागा. तो हसतच आला. तळहात पांढरा पडला होता.

"मावशी, जल्दी लाव. पाळी चालू हाय."

"दुखून राह्यलं का?"

"बिलकुल न्हाई."

तिनं पिन टेकवली. संपत आमच्याकडं बघून डोळा मारत होता. पिन टेकल्याचं त्याला कळलंच नाही.

"दवाखान्यात चल."

"आगं, महिना जाईल. पुंजाराम टपून बसलाय माझ्या जागेवर."

"बसू दे."

"एवढंसं पान लावायला तुझं काय जातं?"

"तुझा हात जातो."

संपत स्वतःच पान तोडायला वाकला. गोजरबाईनं घमेलं उचलून डोक्यावर घेतलं आणि फाटकाबाहेर चालू लागली. संपत तिच्या मागं भांडत निघाला. दवाखाना तीन किलोमीटर. मातीसकट घमेल्याचं वजन पंधरा किलोच्या खाली नव्हतं. मध्ये कुठं तिनं ते टेकवलं नाही, कारण टेकवलं असतं तर त्यानं पान तोडलं असतं.

दवाखान्यात संपतच्या मांडीची कातडी काढून तळहातावर बसवली. अडीच महिन्यांनी संपत कामावर आला तेव्हा सांडशीवर पुंजाराम होता. संपतला वजनकाट्यावरच्या कामाला टाकलं. तो तडक गोजरबाईकडं गेला.

"गेली ना जागा, मावशी, तुझ्यामुळं."

"मूठ वळ."

त्यानं वळली.

"घट्ट."

त्यानं घट्ट वळली.

"बराबर हाय," म्हणून ती भंगाराकडं वळली. संपत थोडा वेळ मूठ वळून उभा राहिला, मग काट्यावर गेला.