एका उखळात दोन जावा

नव्वदीच्या दशकात औंधच्या बाजूच्या आमच्या गावात आम्ही बायकांनी चटणीचं मंडळ काढलं, तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. अक्कल मात्र अजून विशीतच रेंगाळत होती.

माझी धाकटी जाऊ माझ्या शेजारीच बसून लसूण सोलायची आणि मी तिच्याशी बोलत नव्हते. कारण भयंकर होतं. दिवाळीत पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "आक्कांच्या चकल्या मऊ. म्हाताऱ्यांना बऱ्या." तेव्हापासून मीठ हवं असलं तरी मी पलीकडच्या बाईला सांगे, "हिला म्हणावं, मीठ दे." ती त्याच बाईला सांगे, "आक्कांना म्हणावं, तुमच्या गुडघ्यापाशीच हाय."

मंडळाच्या अध्यक्षीणबाई साताऱ्याला शिबिराला गेल्या आणि येताना नवं खूळ घेऊन आल्या. चूल पेटवण्याआधी प्रत्येकीनं शेजारणीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. मन हसरं असलं की हात भराभर चालतात म्हणे. माझी पाळी आली. खूप आठवून मी म्हणाले, "हिच्या बांगड्या बऱ्या हायत." जाऊ म्हणाली, "आक्कांनी आज केस इंचरल्यात."

असं आठवडाभर चाललं. मग गावातल्या एका जवानाची सुट्टी संपली. दुपारच्या गाडीनं तो निघायचा होता आणि त्याच्या आईनं त्याच्यासाठी, त्याच्या दोस्तांसाठी मोठा डबाभर कांदा-लसूण चटणी सांगितली होती. मसाला भाजून झाला आणि वीज गेली. मसाला कुटायचं विजेवरचं यंत्र, आमचा डंक, गप्प.

अध्यक्षीणबाईंनी कोपऱ्यातलं जुनं उखळ ओढलं. "मुसळ पेलणाऱ्या दोघीच हायत. उठा गं जावांनो!"

एका उखळात दोघींनी कुटायचं म्हणजे एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. बोललं नाही तरी चालतं, पण एकमेकींकडे बघावं तरी लागतं. मी पूर्वेला बघत होते, ती पश्चिमेला. खाडकन मुसळावर मुसळ आदळलं आणि मसाला अध्यक्षीणबाईंच्या पातळावर.

"पोराला चटणी द्यायची का फुटकं उखळ?" त्या कडाडल्या. "तोंडाकडं बघा एकमेकींच्या! एकेका घावाला एकेक चांगलं बोला. आन सकाळच्यावानी कंजूषपणा न्हाई!"

मी दात-ओठ खाऊन मुसळ हाणलं. "हिला झोप लय चांगली लागती. ऊन अंगावर आलं तरी!"

"आक्कांचं डोकं लय शांत. कवा चालतच न्हाई!"

"हिची भाकरी लय पातळ. पल्याडचं दिसतंय!"

"आक्कांच्या चकल्या..." तिचं मुसळ वरच थांबलं. "लय मऊ. माझी दाढ ठणकत हुती, तवा चार दिवस त्याच खाल्ल्या मी."

मला जे हसू फुटलं, ते आवरेना. तीही हसत सुटली. त्या हसण्यात घाव कधी जुळले, कळलंच नाही. मिरचीचा खकाणा उडाला, दोघींच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

तेवढ्यात जवानाची आई आली. आम्हाला बघून तिचाच जीव कळवळला. "आवं, रडू नका की! पुढल्या सुट्टीला येतोयच तो." आता तिला काय सांगणार? आम्ही आणखीच हुंदके दिले.

भरलेला डबा तिला एकटीला उचलेना. एक कडी मी धरली, एक जावेनं, आणि स्टँडकडे पळालो. आम्ही वळणावर पोचतोय तोवर कंडक्टरनं घंटी मारली. पोरगा खिडकीतून आईलाच शोधत होता.

"आक्का, वरडा की!" जाऊ थेट मलाच म्हणाली.

मी ओरडले. गाडी थांबली. समोरून येणाऱ्या दोन म्हशीही थांबल्या.